पापणी मिटली की क्लिक

चोपडा तालुका, केळीचा पट्टा. ट्रॅक्टर उलटला तेव्हापासून आप्पांचं मानेखालचं काहीच हलत नाही, पण आत्ता स्क्रीनवर जी अक्षरं उमटतायत ना, ती तेच टाइप करतायत, नुसत्या पापण्यांनी. वाचा, "केळीना भाव काय शे". आधी भाव, बाकीच्या गप्पा नंतर!

महागडं यात काहीच नाहीये. साधा लॅपटॉप, त्याचाच वेबकॅम आणि पुतण्याने बसवलेलं फुकटातलं सॉफ्टवेअर. ते प्रत्येक डोळ्याभोवती ६ ठिपके धरतं आणि उंची भागिले रुंदी असा हिशोब सारखा करत राहतं, डोळा उघडा असला की आकडा एका जागी असतो, मिटला की धपकन खाली येतो. भागाकारच असल्यामुळे खाट जरा पुढेमागे सरकली तरी चालतं. ही युक्ती प्रागच्या टेरेझा सोकुपोवा आणि यान चेख या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडली.

खरी भानगड पुढेच आहे. आपण मिनिटाला १५-२० वेळा आपोआप पापण्या मिटतो, दरवेळी क्लिक झालं तर मग झालंच कल्याण. पण आपोआप मिटलेली पापणी अर्ध्या सेकंदाच्या आत उघडते, म्हणून इथे सेकंदभर मिटून धरली तरच क्लिक. अक्षरांच्या ओळींवरून एक पिवळी पट्टी सरकत असते, हवी ती ओळ आली की मिटायचं, मग त्या ओळीतल्या अक्षरावर परत मिटायचं. त्यात आपले काना-मात्रा वेगळे, जोडाक्षर आलं की अजून वेळ, त्यामुळे आप्पा मोजकंच लिहितात, आणि तेही आपल्या अहिराणीत.

आणि आपलं ऊन! पाठीमागच्या दारातून उजेड आला की चेहरा काळा पडायचा, ठिपके गायब, शेवटी खाटच फिरवली. मे महिन्यात कूलरचा वारा तोंडावर घेतला की डोळे कोरडे पडून उघडझाप वाढायची, मग कूलर पायाकडे गेला. असले उपाय कुठल्या मॅन्युअलमध्ये नसतात, ते घरातच सुचतात.

मदतीची घंटा पण जोडलीय. सुरुवातीला डोळे ३ सेकंद मिटले की वाजायची, मग काय, दुपारी आप्पांचा डोळा लागला की काकू तव्यावरची भाकर तशीच टाकून धावत यायच्या. आता लागोपाठ ३ वेळा लांब मिटले तरच वाजते. झोपमोड थांबली, पण आप्पा आता चहासाठी पण घंटा वाजवतात.