एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात

श्रोतेहो, नमस्कार. घातक रसायन मूळ पिंपात बंद असतं, तोवर त्याची बरीचशी काळजी ते पिंप भरणाऱ्यानं घेतलेली असते. रसायनाला टिकेल असा धातू किंवा प्लॅस्टिक, घट्ट बूच, बाहेर लेबल. तेच रसायन कॅनमध्ये, बादलीत किंवा बाटलीत ओतायला घेतलं की ही सगळी व्यवस्था पिंपापाशीच राहते. साठवणूक, वाहतूक यांचे नियम पुष्कळ आहेत. आज मात्र आपण फक्त ओतण्याबद्दल बोलणार आहोत.

बूच उघडण्याआधी सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस, हाताशी हवं. त्याचे 16 भाग ठरलेल्या क्रमानं असतात. प्रत्यक्ष ओतणाऱ्यानं त्यातले चार तरी वाचलेले असावेत: भाग 4 प्रथमोपचाराचा, 7 हाताळणी आणि साठवणुकीचा, 8 संरक्षक साधनांचा आणि 10 कोणत्या पदार्थाशी याचं जमत नाही ते सांगणारा. ही फाइल साहेबांच्या कपाटात कुलूपबंद असेल, तर तपासणीला आलेल्या माणसाशिवाय ती कुणाच्याच उपयोगाची नाही.

नव्या भांड्यावर लेबल आधी लावायचं, मग ओतायचं. 'नंतर लावू' म्हटलं की ते राहतंच. त्यावर पदार्थाचं पूर्ण नाव, तीव्रता, भरल्याची तारीख आणि लाल चौकटीतलं धोक्याचं चिन्ह हवं. साध्या मार्करनं लिहिलेलं नाव थिनरच्या एका ओघळानं पुसलं जातं, म्हणून लेबल त्या द्रवाला टिकणारं घ्या. आणि पाण्याची किंवा सरबताची रिकामी बाटली कधीही वापरू नका, अगदी पाच मिनिटांसाठीही नाही. तहानलेला माणूस लेबल वाचत नाही.

आता ज्वलनशील द्रवांकडे वळू. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानापासून द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ जमते ते तापमान. टोल्युइन या सॉल्व्हंटचा, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवाचा, फ्लॅश पॉइंट आहे सुमारे 4 अंश सेल्सिअस, ॲसिटोनचा उणे 20. म्हणजे नेहमीच्या तापमानाला या द्रवांवर पेट घेण्याइतकी वाफ कायमच असते. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते आणि दूरवर चालू असलेल्या मोटारीपर्यंत किंवा हीटरपर्यंत पोचते. म्हणून एक्झॉस्टची खेच खालच्या बाजूला हवी. छताजवळचा पंखा इथे फारसा कामाचा नाही.

ठिणगीला मात्र मोटारच लागते असं नाही. टोल्युइन, हेक्झेन यांसारखा द्रव नळीतून वाहताना आणि उंचावरून पडून उडताना स्थिर विद्युत साठते. पिंप आणि कॅन यांच्यात विद्युतदाबाचा फरक वाढत जातो आणि तोटीजवळ बारीकशी ठिणगी पडते. उपाय असा: पिंपाला अर्थिंग, आणि पिंप व धातूचा कॅन यांना जोडणारी क्लिपची तार. क्लिप उघड्या धातूला चावली पाहिजे. रंगावर किंवा गंजावर लावलेली क्लिप नुसती दिसायला असते. क्रमही महत्त्वाचा. आधी क्लिप, मग तोटी. शेवटी आधी तोटी बंद, मग क्लिप काढायची. नळीचं तोंड कॅनच्या तळाशी न्या आणि ते बुडेपर्यंत धार अगदी मंद ठेवा. प्लॅस्टिकच्या कॅनमधून वीज वाहत नाही, त्यामुळे त्याला क्लिप लावून काही साधत नाही. अशा द्रवांना धातूचाच कॅन घ्या. तो काठोकाठ भरू नका. तापमान वाढलं की द्रव फुगतो, त्यासाठी सुमारे दहावा भाग रिकामा सोडा.

ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी नाही, हे शाळेत पाठ केलेलं असतं. कारण मात्र विसरतं. तीव्र सल्फ्युरिक ॲसिडची घनता 1.84, म्हणजे ते पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड. वरून ओतलेलं पाणी त्यावर तरंगतं, दोघं जिथे भेटतात तिथे प्रचंड उष्णता निघते, पाणी जागच्या जागी उकळतं आणि ॲसिड घेऊन तोंडावर उडतं. उलट भरपूर पाण्यात थोडं थोडं ॲसिड सोडून ढवळत राहिलं, तर तीच उष्णता पाणी सामावून घेतं. कॉस्टिक सोड्याचंही असंच: पाण्यात पापड्या टाकायच्या, पापड्यांवर पाणी नाही. आणि त्यासाठी ॲल्युमिनियमचं भांडं वर्ज्य, कारण कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सोडतं.

हातमोज्यांबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. मोजा फाटला नाही म्हणजे हात सुरक्षित, असं समजलं जातं. पण रसायन रबरातून झिरपतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ऑगस्ट 1996 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या लेटेक्सच्या मोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. मोजा शाबूत होता. जून 1997 मध्ये पाऱ्याच्या विषबाधेनं त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या चाचण्यांत दिसलं, की ते संयुग अशा मोज्यातून 15 सेकंदांच्या आत पार होतं.

तेव्हा 'केमिकलचे मोजे द्या' एवढं सांगून भागत नाही. पातळ नायट्राइल मोजा ॲसिटोनपुढे थोड्याच मिनिटांत हार मानतो. ॲसिटोनला उत्तम टिकणारं ब्युटाइल रबर टोल्युइनपुढे तग धरत नाही. बनवणाऱ्याच्या तक्त्यात प्रत्येक रसायनापुढे पार होण्याचा वेळ मिनिटांत दिलेला असतो, तो पाहूनच मोजा निवडा आणि ती वेळ संपण्याआधी बदला. मास्कचंही तेच: धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, आणि दाढी असेल तर वाफ गाळणाऱ्या कार्ट्रिजच्या मास्कची कड चेहऱ्याला नीट बसत नाही.

उरलेलं रसायन मूळ पिंपात परत ओतू नका. त्यात मिसळलेला कचरा किंवा ओल सगळा साठा बिघडवते. टाकाऊ कॅनमध्येही आधी काय आहे ते वाचा. ब्लीचमध्ये ॲसिड गेलं तर क्लोरीन वायू निघतो. नायट्रिक ॲसिडमध्ये सॉल्व्हंट पडलं तर कधी कधी सुरुवातीला काहीच घडत नाही, आणि हाच त्यातला कावेबाजपणा. काही तासांनी वायू साठून बंद कॅन फुटू शकतो. नायट्रिक सांडलं तर त्यावर लाकडाचा भुसा टाकू नका, तो पेटू शकतो. वाळू किंवा रसायनांसाठीचं शोषक वापरा आणि कडेकडून आत येत गोळा करा.

डोळ्यांत काही उडालंच, तर पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान 15 मिनिटं पाण्यानं धुवायचं. ही 15 मिनिटं घड्याळात पाहून मोजा. अंदाजानं मोजली तर दोन-तीन मिनिटांतच 'झालं' असं वाटतं. लेन्स असेल तर ती काढायला थांबू नका, धुता धुताच काढा. आयवॉश, म्हणजे डोळे धुण्याचा नळ, कामाच्या जागेपासून 10 सेकंदांच्या चालीवर असावा, वाटेत खोकी नसावीत, आणि आठवड्यातून एकदा पाणी सोडून पाहावं. नाहीतर डोळ्यांत पहिल्यांदा जाईल तो नळातला गंज.

कातडीवर ॲसिड पडलं तर त्यावर सोडा चोळू नका, पाणीच ओता. हायड्रोफ्लोरिक ॲसिडची गोष्ट वेगळी: पातळ असेल तर ते काही तास दुखतही नाही, आत मात्र हाडापर्यंत जातं. ते वापरणाऱ्या ठिकाणी 2.5 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आधीपासून ठेवलेलं असलं पाहिजे. पाण्यानं धुतल्यावर ते लावत राहायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. जाताना एसडीएसची प्रत बरोबर घ्या. ती नसेल तर लेबलचा फोटो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो: 'नेमकं काय होतं?' नमस्कार.