सांगली–मिरज रस्ता: मधल्या माळाचं शहर

पेठ नाक्याला पुणे–बेंगळुरू महामार्ग सोडला की ईश्वरपूर, म्हणजे आपलं जुनं इस्लामपूर, मग आष्टा, आणि दुतर्फा उसाचे फड बघत रस्ता सांगलीवाडीत येतो. समोर कृष्णा, तिच्यावर १९२९ चा आयर्विन पूल. पावसाळ्यात अख्ख्या सांगलीचं लक्ष या पुलाकडं असतं. पुराचं पाणी इथंच मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं होतं.

गाव ओलांडून पुष्पराज चौक मागं टाकला की खरा मिरज रस्ता लागतो. मिरज इथून जेमतेम आठ-दहा किलोमीटर. पण एकेकाळी एवढ्या अंतरात संस्थानं बदलायची. १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांचं काका गंगाधररावांशी बिनसलं. ते मिरजेतून बाहेर पडले आणि सांगलीला त्यांनी वेगळी गादी मांडली. भावकीच्या भांडणातून एवढं मोठं गाव उभं राहिल्याची उदाहरणं थोडीच असतील.

दोन गावांच्या मधे होता मोकळा माळ. गावात ज्याला जागा नव्हती, किंवा जे गावाला जवळ नको होतं, ते या माळावर आलं. मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावानं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम उभं राहिलं, वस्तीपासून लांब, उघड्या हवेत. त्याच्याभोवतीच्या वस्तीला आज वानलेसवाडी म्हणतात. पुढं मिरजेच्या बाजूला मनोरुग्णांसाठी कृपामयी रुग्णालय.

कॉलेजंही इकडंच आली. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं विलिंग्डन कॉलेज काढलं. १९४७ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, तेच आजचं वालचंद. पोरं आली म्हणजे खोल्या आल्या, खाणावळी आल्या, चहाच्या टपऱ्या आल्या. याच माळावरच्या विश्रामबागचा बराचसा कारभार अजून त्यांच्यावरच चालतो, असं म्हटलं तर विश्रामबागकरांनी रागावू नये.

१९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली, दोन गावांमधली हद्द पुसली गेली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. माणसं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून एसटीच्या सिटी बसनं नाहीतर वडापनं, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या खासगी गाड्यांनी, रोज दोन्ही गावं करत होती.

या वाढीत कृष्णेचाही हात आहे. नदीकाठच्या पेठा पुराच्या तोंडावर, आणि मिरज रस्त्याची बाजू उंच. ज्याला जमलं त्यानं इकडं प्लॉट घेतला. शेवटी जिल्हाधिकारी कार्यालयच राजवाड्याची बाजू सोडून मिरज रस्त्यावरच्या विजयनगरला आलं, पाठोपाठ जिल्हा न्यायालय. गावकुसाबाहेरचा माळ जिल्ह्याचं ठाणं झाला. जुन्या गावातल्या गणपती पेठेतल्या माणसाला जिल्हा कचेरीच्या कामासाठी उपनगरात जावं लागतं, ही गंमत जुन्या सांगलीकरांना अजून पचलेली नाही.

कृपामयीजवळ रेल्वेवरचा पूल ओलांडला की मिरज. इथून एक रस्ता पंढरपूरकडं जातो, दुसरा म्हैसाळवरून कागवाडला, म्हणजे थेट कर्नाटकात. त्याच रस्त्यानं सीमेपलीकडचे रुग्ण मिरजेला येत राहतात. इथल्या दवाखान्यांच्या बाकड्यांवर मराठीइतकीच कानडी ऐकू येते.