थिजलेला काळा रस

[दृश्य : रेल्वेच्या रुळांखालची खडी, अगदी जवळून. दूरवरून गाडी येते.]

रुळांखालची खडी अनेक ठिकाणी बेसॉल्टची, म्हणजे ज्वालामुखीचा लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाची असते. गाडीचा भार आला की हे खडे एकमेकांत कोपरे रोवून बसतात, हटत नाहीत. कोपरे झिजून गोल झाले की खडी कामातून गेली. बेसॉल्टचे कोपरे मात्र दाद देत नाहीत.

[दृश्य : हातोड्याने फोडलेला दगड, त्यावर भिंग.]

भिंगातूनही कण नीट ओळखू येत नाहीत. कारण हा लाव्हा १००० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर पडला आणि उघड्यावर भराभर निवला. स्फटिकांना वाढायला सवड मिळाली नाही; ते बारीक राहिले, एकमेकांत गुंतले. चिवटपणा आला तो तिथून. हाच रस जमिनीच्या पोटात अडकला असता, तर हजारो वर्षं निवत राहून भरड कणांचा गॅब्रो झाला असता. गॅब्रोला घासून झिलई देतात आणि 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून विकतात. भूवैज्ञानिकांना हे नाव ऐकवत नाही! ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे वाळूत सापडणारं सिलिकाचं खनिज, भरपूर; गॅब्रोमध्ये नावालाच.

काळेपणा येतो लोह आणि मॅग्नेशियमच्या खनिजांमुळे. त्यांच्यामुळेच दगड जडही होतो, पाण्याच्या जवळजवळ तिप्पट. पण नुसत्या रंगावर जाऊ नका.

[दृश्य : ऑब्सिडियनचा चकाकता तुकडा.]

हा ऑब्सिडियन. काळाकुळकुळीत, पण आतून ग्रॅनाइटच्या गोत्रातला. सिलिका साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त. रस इतका घट्ट आणि थिजला इतका लवकर की स्फटिक बनलेच नाहीत. ही काचच. फुटली की पात्यासारखी धार येते, म्हणून अश्मयुगातल्या माणसाने तिच्या सुऱ्या केल्या, बाणांची टोकं केली. रुळांखाली तिचा चुरा झाला असता.

आता माणूस बेसॉल्टला पुन्हा भट्टीत घालतो. सुमारे १४०० ते १५०० अंशांना वितळवून, बारीक छिद्रांतून खेचून, झटकन निववतो. केसाहून बारीक धागा निघतो. त्याच्या कांड्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळईऐवजी घालता येतात, आणि त्या गंजत नाहीत.

[दृश्य : आइसलँड. वाफेचे लोट, पाइपलाइन.]

हेलिशेदी इथल्या भूऔष्णिक केंद्राजवळ २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून खालच्या बेसॉल्टमध्ये सोडला. आम्लधर्मी पाण्याने खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सोडवून घेतलं आणि वायूचं कार्बोनेट झालं, म्हणजे दगडच. याला शेकडो वर्षं लागतील असा अंदाज होता. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले : ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला होता.

[दृश्य : खडकाचा गाभा, हळूहळू जवळ.]

खोदून काढलेला हा नमुना पाहा. लाव्हा निवताना त्याच्यातल्या वायूचे बुडबुडे जिथे अडकले, त्या काळ्या पोकळ्यांत आता पांढरं कार्बोनेट भरलं आहे.