तुम्ही होतात कुठे?

मित्रहो,

नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेतल्या कॉमिकच्या दुकानांत ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ या मालिकेचा छत्तिसावा अंक आला. मुखपृष्ठावर मालिकेचे नाव होते आणि बाकी निव्वळ काळोख. वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे कोसळून दोनच महिने झाले होते. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी लिहिलेल्या आणि जॉन रोमिटा ज्युनियर यांनी चितारलेल्या त्या अंकात, धुळीने माखलेली, जीव मुठीत धरून पळणारी माणसे स्पायडर-मॅनला विचारतात, ‘तुम्ही होतात कुठे? हे तुम्ही घडू कसे दिले?’ त्याच्याजवळ उत्तर नाही. आम्हाला ठाऊक नव्हते, असे काही होईल याची आम्हाला कल्पनाही करता आली नसती, एवढेच तो मनाशी म्हणतो.

आजचे माझे बोलणे या एका प्रश्नाभोवती असेल, कारण तो वाटतो तितका साधा नाही. स्पायडर-मॅन खरा नाही हे दहा वर्षांच्या वाचकालाही ठाऊक असते. मग जो नव्हताच त्याला ‘कुठे होतास’ असे विचारण्याची गरज लेखकाला का वाटावी? आणि तो प्रश्न वाचून हजारो वाचकांच्या घशात आवंढा का यावा?

त्याचे एक कारण भूगोलात आहे. सुपरमॅन राहतो मेट्रोपोलिसमध्ये आणि बॅटमॅन गॉथममध्ये. ही शहरे डीसी या प्रकाशनसंस्थेने कागदावर वसवली. स्पायडर-मॅन काढणाऱ्या मार्व्हल या संस्थेने मात्र साठच्या दशकात आपले नायक थेट न्यूयॉर्कमध्ये आणून ठेवले. पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्सचा, डेअरडेव्हिल हेल्स किचनचा, फँटॅस्टिक फोरचे बिऱ्हाड मॅनहॅटनमध्ये. वाचकाला स्वतःच्या गल्लीचा कोपरा चौकटीत दिसू लागला, आणि त्या ओळखीवर मार्व्हलने पुढची चाळीस वर्षे भरपूर कमाई केली. पण शहर खरे घ्यायचे तर त्या शहरातले मृत्यूही खरे घ्यावे लागतात. ११ सप्टेंबरला ही जुनी उसनवारी एका सकाळीत अंगावर आली.

कागदी शहरातल्या नायकालाही या पेचातून कायमची सुटका मिळालेली नाही. फेब्रुवारी १९४० मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या सुपरमॅनच्या जनकांनी ‘लुक’ या नियतकालिकासाठी दोन पानांची एक कथा केली. सुपरमॅन हिटलरला आणि स्टालिनला मानगूट धरून उचलतो, राष्ट्रसंघापुढे उभे करतो, आणि युद्ध संपते. हिटलरच्या एसएस या निमलष्करी संघटनेच्या मुखपत्राला ते इतके झोंबले की त्याने सीगल यांच्यावर खास मजकूर छापला. पण तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती, म्हणून ही मौज परवडत होती. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर जपानने हल्ला केल्यानंतर अमेरिकेची मुले प्रत्यक्ष लढायला गेली, आणि लोखंडी गज वाकवणारा हा माणूस घरी काय करतो आहे, असे कोणीही विचारले असते.

१९४२ च्या आरंभी वृत्तपत्रातल्या चित्रपट्टीत यावर जी तोड काढली गेली ती ऐकून आपल्याला हसू येईल. क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, लष्करात भरती व्हायला जातो. डोळ्यांच्या तपासणीच्या वेळी उत्साहाच्या भरात त्याची आरपार पाहणारी दृष्टी भिंतीपलीकडे जाते, तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवतो, आणि दृष्टी अधू म्हणून बाद होतो. युक्ती बालिश आहे खरी, पण तिच्यामागची जाण मुळीच बालिश नव्हती. सुपरमॅनने सोमवारी बर्लिन जिंकले असते, तर मंगळवारी आघाडीवरून आलेल्या तारेने त्याला खोटे पाडले असते. ज्या घरात मुलगा गेल्याची तार येते, त्या घरात सुपरमॅनच्या विजयाची गोष्ट वाचवत नाही. वाचकाचे दुःख खरे आहे, तेव्हा आपण त्याच्या आड येऊ नये, एवढे भान त्या चित्रपट्टीने राखले. कॅप्टन अमेरिकाची गोष्ट वेगळी. तो अंगावर गणवेश घेऊनच जन्मला, आणि पर्ल हार्बरच्या वर्षभर आधीच पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्याने हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावला होता. तो सैनिकांतला एक होता, म्हणून त्याने युद्ध एकट्याने का संपवले नाही असे कोणी विचारण्याचे कारण नव्हते.

‘कुठे होतास’ हाच प्रश्न १९७० मध्ये आणखी टोकदार होऊन आला. डेनी ओ’नील आणि नील अ‍ॅडम्स यांच्या ‘ग्रीन लँटर्न’च्या शहात्तराव्या अंकात एक म्हातारा कृष्णवर्णीय माणूस नायकाला अडवतो. निळ्या कातडीच्या लोकांसाठी तुम्ही झटलात, नारिंगी आणि जांभळ्या कातडीच्यांना मदत केलीत. काळ्या कातडीची कधी फिकीर केलीत का, असे तो विचारतो. आकाशगंगेची राखण करणारा ग्रीन लँटर्न मान खाली घालतो. येथे मनोरे कोसळलेले नाहीत, एका दिवसात हजारो माणसे मेलेली नाहीत. पण आपत्ती नेहमी एका सकाळीच येते असेही नाही; काही आपत्ती पिढ्यानपिढ्या चालू असतात आणि त्या बातमी होत नाहीत, म्हणून नायकाला दिसत नाहीत. माझ्या मते अमेरिकन कॉमिक्सच्या इतिहासातला हा सर्वांत नेमका आरोप आहे. त्या म्हाताऱ्याची शंका नायकाच्या शक्तीविषयी नाहीच. ती त्याच्या नजरेविषयी आहे.

आता पुन्हा त्या काळ्या अंकाकडे येऊ. त्याचे कौतुक फार झाले आणि बरेचसे योग्यही होते. तरी त्यातल्या एका चित्राबद्दल मला बोलले पाहिजे. ढिगाऱ्यापाशी मार्व्हलचे मोठे खलनायक गोळा झालेले दिसतात: मॅग्नेटो, जगरनॉट, किंगपिन, डॉक्टर ऑक्टोपस. आणि डॉक्टर डूमच्या डोळ्यांत पाणी आहे. आता गंमत पाहा, अर्थात गंमत म्हणवत नाही. १९९१ च्या एका कथानकात याच जगरनॉटने आपल्या साथीदाराबरोबर याच वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये धुमाकूळ घातला होता, आणि स्पायडर-मॅन तेथे धावून गेला होता. ज्या वाचकांनी ते अंक जपून ठेवले होते त्यांना डूमचा अश्रू पटला नाही, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. नायकाची असहायता वाचकाने समजून घेतली. खलनायकाचा शोक मात्र त्याला उपरा वाटला. दुःखाला साक्षीदार चालतो, पण त्याला भाडोत्री रडणारे नको असतात.

डीसीने जानेवारी २००२ मध्ये काढलेल्या स्मरणसंग्रहात स्टीव्हन सीगल या लेखकाची केवळ दोन पानांची कथा आहे. (हे सीगल वेगळे, सुपरमॅनच्या जनकाशी त्यांचा संबंध नाही.) त्यात सुपरमॅन आपल्या साऱ्या शक्ती एकेक करून सांगतो आणि शेवटी कबूल करतो की एक गोष्ट त्याला जमत नाही: ज्या काल्पनिक पानांत तो जगतो त्यांतून बाहेर पडणे. त्याच संग्रहाच्या मुखपृष्ठावर अ‍ॅलेक्स रॉस यांनी अग्निशमन दलाचे जवान, पोलीस, परिचारिका यांचे भव्य चित्र काढले आहे, आणि त्यापुढे पाठमोरा, ठेंगणा दिसणारा सुपरमॅन मान वर करून ते पाहतो आहे. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण त्या दिवशी गेले, हे लक्षात घेतले म्हणजे कोण कोणाकडे मान वर करून पाहणार याला दुसरे उत्तर नव्हते.

उद्योगाची धांदलही याच काळातली. सुपरमॅनचा शत्रू लेक्स लुथर याच्या लेक्सकॉर्प कंपनीचे जुळे मनोरे पडझड झालेले दाखवणारा सुपरमॅनचा एक अंक, आधीच छापून तयार असल्यामुळे, नेमका १२ सप्टेंबरला दुकानांत पोचला आणि तो परत करण्याची मुभा दुकानदारांना द्यावी लागली. स्पायडर-मॅन चित्रपटाच्या एका जाहिरातफितीत चोरांचे हेलिकॉप्टर दोन मनोऱ्यांमध्ये विणलेल्या जाळ्यात अडकत असे. ती फीत मागे घेण्यात आली.

पाच वर्षांनी शोक ओसरला आणि प्रश्नाचे रूप पालटले. २००६ मध्ये मार्व्हलने ‘सिव्हिल वॉर’ ही मालिका सुरू केली. कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्ड गावी, दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठी खलनायकांच्या मागे लागलेल्या काही तरुण सुपरहिरोंच्या उतावळेपणातून स्फोट होतो आणि शाळकरी मुलांसह ६१२ माणसे मरतात. अंत्यविधीच्या वेळी एक आई टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, तोंडावर थुंकते. ‘तुम्ही कुठे होतात’ असे आता कोणी विचारत नाही. ‘तुम्हाला येथे यायला सांगितले कोणी’ असे विचारतात. सरकार सुपरहिरोंची सक्तीची नोंदणी करणारा कायदा आणते, आयर्न मॅन त्याच्या बाजूने आणि कॅप्टन अमेरिका विरोधात उभा राहतो. सुरक्षेच्या नावाखाली टेहळणीचे नवे कायदे अनुभवत असलेल्या अमेरिकन वाचकाला हा वाद कोठून आला ते सांगावे लागले नाही.

त्या मालिकेच्या शेवटच्या अंकात न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात. कॅप्टन अमेरिका जिंकत आलेला आहे. आयर्न मॅन त्याच्या पायाशी पडला आहे आणि शेवटचा घाव तेवढा उरला आहे. तेवढ्यात काही साधी माणसे त्याच्यावर झेप घेतात आणि त्याला खाली दाबून धरतात. त्यांत पोलीस आहेत, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी आहेत, अग्निशमन दलाचा जवान आहे. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे सुपरहिरो मान वर करून पाहत होते, तीच ही माणसे. मला सोडा, तुम्हाला इजा करायची नाही, असे तो म्हणतो. मग त्याची नजर भोवतालच्या पडझडीकडे जाते. तो ढाल खाली टाकतो, मुखवटा काढतो, आणि अटक कॅप्टन अमेरिकाला होत नसून मुखवट्यामागच्या स्टीव्ह रॉजर्सला होते आहे, असे सांगून हात पुढे करतो.