तालमीच्या कट्ट्यावर सांगितलं ते

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणी मुलाला कुणाच्या तरी हवाली करून आल्या असतील. निम्मं लक्ष मोबाईलकडं असणार. फोन आला तर खुशाल उठून जा. मी समजू शकते.

माझा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. २०१० मध्ये, तो चार वर्षांचा असताना, डॉक्टरांनी ‘ऑटिझम’ हा शब्द उच्चारला. मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात, पण तो शब्द मला कधीच पटला नाही. स्वतःत मग्न असता तर मिक्सर सुरू झाल्यावर त्यानं कान का झाकून घेतले असते? गणपतीत डॉल्बी गल्लीच्या तोंडाशी आला की तो थरथरतो. त्याला बाहेरचं जग कमी नाही, जास्तच जाणवतं.

त्या वेळी चौकशी सगळी माझीच झाली. ग्रहण पाळलं नव्हतंस का? बाळाला टीव्हीपुढं ठेवत होतीस का? हे कोल्हापुरातच घडतं असं नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन केलं, आणि त्यानंतर बरीच वर्षं तिथंही आईबापांच्या, विशेषतः आईच्या, कोरडेपणाला दोष दिला गेला. १९६४ मध्ये तो दोष शास्त्रीय पद्धतीनं खोडून काढला बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं. तो स्वतः अशाच मुलाचा बाप होता. मला हे फार उशिरा कळलं. आधी कळतं तर काही रात्री तरी झोप लागली असती.

दोष अंगाला चिकटला की माणूस लपवायला लागतो. आम्हीही लपवलं. ‘उशिरा बोलणार, याच्या मामाचंही असंच होतं,’ असं सांगायचो. लग्नकार्यं सोडली. रंकाळ्यावर जायचं ते पहाटे, भेळेच्या गाड्या लागायच्या आत परत. शुक्रवार पेठेत चार घरांपलीकडं राहणाऱ्यांनासुद्धा आमच्या पोराचं नाव नीट माहीत नव्हतं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. मुलाला आकड्यांचं वेड. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी तो रोज वाचायचा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. आमच्या घरात पाणी शिरलं ते रात्री. लाईट गेलेली. गल्लीच्या तालमीतली पोरं होडी घेऊन आली, जीव धोक्यात घालून आली, हे मी कधी विसरणार नाही. पण माझा मुलगा कान दाबून कॉटवर कोपऱ्यात बसलेला. एकानं त्याचा दंड धरून ओढलं. हा त्याला कडकडून चावला. त्या पोरानं याच्या थोबाडीत दिली. चूक त्याची नव्हती. त्याला मी काही सांगितलंच नव्हतं.

पुढं दोन दिवस नातेवाइकांच्या घरी तो जेवला नाही. त्याचं ताट पाण्यात राहिलं होतं. नातेवाईक म्हणाले, हट्टी आहे.

पूर ओसरल्यावर, घरातला चिखल काढून झाल्यावर, एका संध्याकाळी मी तालमीच्या कट्ट्यावर गेले. बायका तिथं जात नाहीत. पोरं उठून उभी राहिली. मी म्हटलं, बसा रे, सांगायचं आहे. याला मागून हात लावू नका. काय करणार ते आधी सांगा, थोडक्यात सांगा, आणि मोजून थांबा. ज्याला चावला होता तोच म्हणाला, “काकू, हाक मारली तर बघतबी नाही की ओ.” मी म्हटलं, बघत नाही, ऐकतो. हे त्या गल्लीत मी पहिल्यांदा बोलले, नऊ वर्षांनी.

कागदांचंही असंच. २०१० मध्ये आम्हाला ‘मतिमंद’ असा दाखला मिळाला, कारण १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हता. तो शब्द बघून आम्ही दाखला कपाटात टाकला. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले, ऑटिझम आला, तरी आम्ही हललो नाही. अशा मुलांसाठीच्या सरकारी निरामय योजनेतला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमासुद्धा आम्हाला कितीतरी वर्षांनी कळला. आणि मूल मोठं होत आलेल्यांनी हे घरी जाऊन आजच बोला: अठरा पूर्ण झाल्यावर आपण कायद्यानं आपोआप त्याचे पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. बँकेत अडल्यावर धावू नका.

२०२१ चं सांगायचं राहिलं. जुलैत पाणी पुन्हा चढलं. ३९ ला मुलानं स्वतः ताट पिशवीत घातलं. ४३ ला तो दारात जाऊन उभा राहिला. तोच पोरगा आला, चार हात लांब थांबला आणि म्हणाला, “दहा मोजतो. मग नावेत बसायचं.” मुलानं त्याच्याकडं बघितलं नाही. सातवर तो नावेत बसला होता.