सांबऱ्याच्या हवेत उतरताना

श्रोतेहो, मुतगे, निलजी, बाळेकुंद्री या गावांतून आलेल्या मंडळींना बेळगावजवळच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी नवी नाही. 1942 साली, महायुद्धाच्या काळात, ब्रिटिश हवाई दलाने ती बांधली, आणि अलीकडे तर शेतात वाकलेल्या माणसांच्या डोक्यावरून प्रशिक्षणाची छोटी विमाने सारखी ये-जा करतात. ही विमाने उतरताना का मोडतात, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे 758 मीटर उंच आहे. एप्रिलच्या दुपारी पारा 35 अंशांवर गेला की येथील हवा साधारण 1,650 मीटर उंचीवर असावी तितकी विरळ होते. वेगदर्शक समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो, आणि विरळ हवेत तो कमी भरतो. त्यामुळे काटा 65 नॉटवर असताना विमान प्रत्यक्षात 70 नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे 130 किलोमीटर वेगाने जात असते. पंखांनाही तोच दाब हवा असतो, म्हणून काट्यावरचे 65 बरोबरच असतात. परंतु किनाऱ्यालगतच्या विमानतळावर शिकलेल्या वैमानिकाला जमीन नेहमीपेक्षा भराभर सरकताना दिसते, आपण फार वेगात आहोत असे वाटून तो नकळत नाक वर उचलतो, वेग घटतो, आणि पंखांची उचल अशा उंचीवर सुटते की जेथे सावरायला जागाच उरलेली नसते. डोळ्यावर नव्हे, काट्यावर विश्वास ठेवा, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला पुन्हा पुन्हा सांगतो.

याच्या उलट चूक अधिक वेळा घडते. भीतीपोटी वेग दहा टक्के जास्त ठेवला, तर थांबताना जिरवावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. जमिनीजवळ, साधारण पंखांच्या लांबीइतक्या उंचीच्या आत, हवेचा अवरोध घटतो, आणि असे विमान टेकतच नाही, तरंगत राहते. मग अधीर झालेला वैमानिक ते खाली दाबतो. पुढचे चाक आधी आपटते, विमान उसळते, तो पुन्हा दाबतो, आणि प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी होत जाते. शिकत असताना मीही असाच एकदा उसळलो होतो. शेजारी बसलेल्या गुरुजींनी दांडा हातात घेतला म्हणूनच पुढचे चाक वाचले. तिसऱ्या-चौथ्या उसळीला प्रोपेलर धावपट्टीला घासतो आणि दणका इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीपर्यंत पोचतो.

त्यावर उपाय एकच आहे, आणि तो लाजेचा नाही: पूर्ण ताकद देऊन पुन्हा वर जाणे, एक फेरी मारणे आणि नव्याने उतरणे. मात्र विरळ हवेत इंजिनाची ताकदही घटते आणि चढाई मंदावते, म्हणून सांबऱ्याच्या उन्हात हा निर्णय पहिल्याच उसळीला घ्यावा लागतो, आणि फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा, एकदम न मिटता टप्प्याटप्प्याने मिटावे लागतात.