कुमसाराची जाळी, समुपदेशकाची वही

[दृश्य: वसईतलं चर्च. पहाटेची मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, संपतेय. कुमसाराचं लाकडी आसन, अगदी जवळून]

ही सागवानी जाळी. हिच्याआडून फादरांजवळ पापं कबूल करायची, त्यालाच कुमसार म्हणतात. गुडघे टेकले की कपाळ जिथे येतं, तिथलं पॉलिश उडालंय. खालच्या पाटाला गुडघ्यांचे दोन खळगे पडलेत.

अशा आसनाचा आराखडा मूळचा मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांचा. चर्च कसं बांधावं याबद्दलचं त्यांचं पुस्तक 1577 साली निघालं. त्यात आसन कसं असावं, जाळी कुठे बसवावी, सगळं मापासकट दिलंय. वर्षातून एकदा तरी कुमसार करायलाच हवा, हा दंडक चर्चच्या 1215 च्या लॅटरन परिषदेनं घातला होता. पण तोंड झाकायची सोय व्हायला पुढची साडेतीनशे वर्षं गेली. बायकांना संकोच वाटू नये आणि फादरांवर किटाळ येऊ नये, असा दुहेरी हेतू होता. लाजेसाठी एवढी सुतारकी दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

आमचा विषयही लाजेचाच आहे. मोबाईलवर पॉर्न बघायची सवय, ती काही केल्या न सुटणं, आणि त्यापायी आधी चर्चच्या आणि मग दवाखान्याच्या दाराशी घुटमळणारे तरुण.

[दृश्य: फादरांचं ऑफिस. टेबलावर मिस्सांच्या नोंदींचं रजिस्टर]

जाळीआड काय ऐकलं ते फादर सांगणार नाहीत. ते गुपित मरेपर्यंत पाळायचं असतं. म्हणून आम्ही ऑफिसात येणाऱ्यांबद्दल विचारलं. फादर म्हणाले, "उपवासकाळात जास्त येतात. दारूची तक्रार घेऊन बायको येते, आई येते. याच्यासाठी मुलगा एकटाच येतो, आणि आल्या आल्या दार लावून घेतो."

[दृश्य: सोनचाफ्याची वाडी. फक्त हात]

हे हात ज्याचे आहेत त्याचं नाव आम्ही सांगणार नाही. पहाटे वडिलांबरोबर चाफा काढायचा, दादरच्या बाजारासाठी पाट्या भरायच्या, मग आंघोळ करून लोकल पकडायची आणि अंधेरीचं ऑफिस गाठायचं. सोनचाफा देठापासून अलगद मोडावा लागतो. पाकळीला नख लागलं की डाग पडतो, आणि डाग पडलेल्या फुलाला बाजारात कुणी विचारत नाही. बोलताना त्याचे हात थांबत नाहीत. कॅमेरा लावायला आम्ही वाडीच निवडली ती याचसाठी.

शाळेत असतानाच हातात स्मार्टफोन आला. 2016 च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं आणि डेटा मोजून वापरायचे दिवस संपले. 2018 मध्ये सरकारनं 827 पॉर्न साइट बंद करायला लावल्या तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. मित्रांनी लगेच बंदी चुकवणारा व्हीपीएन शिकवला.

त्याचा आठवडा त्याच्याच तोंडून ऐका. "शनिवारी कुमसार. रविवारी मिस्सा, कम्युनियन. मंगळवारी परत. मग देवासमोर उभं राहायचीच लाज, म्हणून प्रार्थना बंद. प्रार्थना बंद, म्हणजे आता शनिवारपर्यंत काहीही केलं तरी चालतंय. असं सहा वर्षं."

ठरलेलं लग्न मोडलं. त्या मुलीला कॅमेऱ्यासमोर यायचं नव्हतं.

[दृश्य: समुपदेशनाची खोली. दोन खुर्च्या, कोपऱ्यात कूलर]

त्याला इथे पाठवलं ते फादरांनी. यावर आम्ही मुद्दाम थांबतोय, कारण सगळीकडे असं होत नाही. 'रोझरी म्हण, उपास कर, मन कामात गुंतव' एवढ्यावर बोळवण होते, आणि मुलगा तीच शिदोरी घेऊन मंगळवारला सामोरा जातो. वास्तविक चर्चचं स्वतःचं पुस्तक इतकं कोरडं नाही. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद 2354 पॉर्नला गंभीर अपराध म्हणतो, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या दोनच परिच्छेद आधी, हस्तमैथुनाबद्दल बोलताना, जडलेली सवय, मनाची घालमेल आणि इतर मानसिक कारणं यांमुळे माणसाचा दोष कमी होतो, असंही स्पष्ट लिहिलंय. तो परिच्छेद प्रवचनात कधी ऐकलाय? पोप फ्रान्सिस तर ऑक्टोबर 2022 मध्ये रोममध्ये शिकणाऱ्या धर्मगुरूंसमोर आणि सेमिनरीत फादर व्हायला आलेल्या मुलांसमोर बोलून गेले, की हे व्यसन कितीतरी जणांना आहे, आणि त्यात फादर आहेत, सिस्टर आहेत.

समुपदेशक बाई स्वतः रोज मिस्साला जाणाऱ्या. तरी येणाऱ्याचं 'मला व्यसन आहे' हे वाक्य त्या लगेच मान्य करत नाहीत.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. बाईंचं बोट ओळीवरून फिरतंय]

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी यादी 2022 पासून लागू झाली. तिच्यात लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणं हा एक विकार म्हणून आलाय, पण व्यसनांच्या घरात त्याला बसवलेलं नाही. आवेग आवरता न येण्याच्या विकारांत ठेवलंय. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या ग्रंथात तर तोही प्रवेश मिळाला नव्हता. निदानासाठी अट अशी की सहा महिने किंवा जास्त काळ ताबा सुटलेला हवा, आणि त्यापायी घर, काम, तब्येत यांची हेळसांड किंवा मोठा मनस्ताप व्हायला हवा. बाईंचं बोट थांबलंय ती ओळ पुढची आहे: मनस्ताप निव्वळ 'हे पाप आहे' या भावनेतून येत असेल, तर तेवढ्यावर आजार ठरवायचा नाही.

जोशुआ ग्रब्ज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं याच गाठीवर काम केलंय. पॉर्न बघणं चूक आहे असं मनापासून मानणारी धार्मिक माणसं, बघण्याचं प्रमाण फार नसतानाही, स्वतःला व्यसनी समजण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे दोन माणसं एकाच वाक्यासह त्या खुर्चीत बसतात. एकाचा ताबा खरंच सुटलेला असतो, दुसऱ्याची टोचणी आजाराएवढी मोठी झालेली असते. दोघांना एकच औषध देऊन चालणार नाही. आणि टोचणी खोटी आहे असं म्हणूनही चालणार नाही. 'सगळेच बघतात, त्यात काय' असं हसून म्हणणारा डॉक्टर या मुलाला आधी भेटला होता. तिकडे तो पुन्हा गेला नाही.

[दृश्य: दोनशे पानी वही. पान जवळून]

याचा ताबा सुटलेला होता. बाईंनी त्याला ही वही दिली. आखलेले रकाने: वार, वेळ, जागा, त्याआधी काय झालं, जोर दहापैकी किती, मग काय केलं.

मंगळवार, रात्री 12:40. माळ्यावर. साहेबाचा मेल. जोर 7. बघितलं.

गुरुवार, रात्री 11:50. माळ्यावर. जेवलो नव्हतो. जोर 8. खाली ओट्यावर जाऊन बसलो. सव्वाबाराला जोर 3.

या दुसऱ्या नोंदीखाली बाईंनी पेन्सिलनं रेघ मारलीय. लाट चढते तशी उतरतेही, हे त्यानं पहिल्यांदा कागदावर पाहिलं.

ही युक्ती आजची वाटते. पण चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाचा एक संन्यासी राहत होता. माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी त्यानं केली. त्यात वासना आहे, आणि भर दुपारी मन उडवून लावणारा कंटाळाही आहे. त्याचा सल्ला असा की विचार आला म्हणून घाबरू नका, त्याच्यावर पाळत ठेवा. कधी येतो, कधी चढतो, कधी उतरतो, कुठला विचार कुठल्याच्या मागून येतो, सगळं टिपा. वर्षं लोटली सोळाशेहून जास्त, आणि रकाने जवळपास तेच. आम्ही हे फादरांना दाखवलं तेव्हा ते नुसते हसले. सेमिनरीत शिकले होते, म्हणाले, पण परीक्षेपुरतं.

विचार दाबायचा नाही, येऊ द्यायचा, आणि तरी पाय आपल्याला हव्या त्या दिशेनं टाकायचे. यावर उभी असलेली एक उपचारपद्धत अमेरिकेत 28 पुरुषांवर तपासली गेली, बारा बैठका. ते संशोधन 2016 साली छापून आलं. बघण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटलं. अर्थात 28 म्हणजे मूठभरच.

[दृश्य: चर्चचा हॉल. गोल मांडलेल्या खुर्च्या, पाठमोरी माणसं]

सवय सोडू पाहणारे इथे एकत्र बसतात. या गोलाचा वंश दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, 1935, ओहायोतलं अ‍ॅक्रन. तिथल्या सुरुवातीच्या मंडळींना बायबलातलं याकोबाचं (इंग्रजीत जेम्स) पत्र इतकं आवडे की गटाला 'जेम्स क्लब' म्हणावं असा विचार निघाला होता. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय, बरं व्हायचं तर आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा. एकमेकांजवळ. इथे जाळी नाही. कपातला चहा संपेपर्यंत कुणी बोलत नाही, मग एक जण सुरू करतो. त्यानंतर आम्ही कॅमेरा बंद केला, तसंच ठरलं होतं.

वाडीतला तो मुलगा कुमसाराला अजून जातो. फरक विचाराल तर, तो आता मंगळवारीही जातो.

बाईंना आम्ही विचारलं, किती जण पूर्ण सुटतात? त्यांनी त्याच अमेरिकी अभ्यासाकडे बोट दाखवलं: बैठका संपल्या तेव्हा निम्म्याहून थोडे जास्त पुरुष पूर्ण थांबले होते, तीन महिन्यांनी तेवढेही उरले नव्हते. म्हणून बैठका संपल्या तरी वही बंद करायची नाही, असं त्या सांगतात.

[दृश्य: चर्चबाहेरचा नोटीस बोर्ड. पडद्यावर नंबर]

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मोबाईल आणि इंटरनेटच्या अतिवापरासाठी 2014 पासून स्वतंत्र क्लिनिक चालतं. इतक्या लांब जायचं नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा आहे, 14416. फोन दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मिस्सांच्या वेळांखाली हा नंबर लावायला फादर तयार झालेत. कागद अजून लागायचा आहे.